शिधा की शिजलेले अन्न?

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव स्थानकावर गाडी थांबली की कचोरीचा वास डब्यात शिरतो. प्रवासी पैसे देतो, तळलेल्या मिरचीसह कचोरी हाती येते आणि गाडी सुटण्यापूर्वी ती संपतेही. त्याच गावातील एखाद्या घरी मात्र मैदा मळून व मुगाच्या डाळीचे सारण परतून कचोरी केली जाते. त्यात वेळ जातो, इंधन जळते, हात भाजण्याचेही भय असते. परंतु घरातील आजोबांना तिखट सोसत नसेल तर मिरची कमी घालता येते, आणि सारणात नेमके काय पडले आहे हे घरातील सर्वांना ठाऊक असते. संगणकात नवे सॉफ्टवेअर आणण्याच्या रीतीही अशाच दोन आहेत.

कोणतेही सॉफ्टवेअर प्रथम माणूस लिहितो. ते अक्षरांत व शब्दांत लिहिलेले असते आणि ती भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाला वाचता येते. ह्या लिखाणाला मूळ आज्ञावली किंवा सोर्स कोड म्हणतात. संगणकाच्या यंत्राला मात्र हे लिखाण जसेच्या तसे उमजत नाही. त्याला केवळ शून्य व एक ह्यांची रांग कळते. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारा जो कार्यक्रम असतो त्याचे नाव कंपायलर. मूळ आज्ञावली हा शिधा मानला तर कंपायलर ही चूल होय.

ज्यांची मूळ आज्ञावली सर्वांना पाहण्यास, बदलण्यास व वाटण्यास मोकळी आहे, अशा ऑपरेटिंग सिस्टिम जगात पुष्कळ आहेत. लिनक्सच्या अनेक शाखा व फ्रीबीएसडी ही त्यांतील परिचित नावे. १९९३ साली सुरू झालेली डेबियन ही लिनक्सची शाखा तयार अन्न वाढणारी आहे. तिचे स्वयंसेवक मूळ आज्ञावली घेतात, ती शिजवतात आणि तयार झालेले पॅकेज वापरणाऱ्याच्या हाती देतात. भारतात सी-डॅक ह्या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही सिस्टिमही डेबियनवरच आधारलेली आहे. संगणक जुना असला व वीज केव्हा जाईल ह्याचा भरवसा नसला, तर हीच रीत बरी.

दुसऱ्या रीतीचा पाया फ्रीबीएसडीने १९९४ साली घातला. जॉर्डन हबर्ड ह्यांनी सुरू केलेल्या ह्या व्यवस्थेस 'पोर्ट्स' असे म्हणतात. त्यात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर नसते, तर पाककृतींचा एक मोठा संग्रह असतो. शिधा कोठून आणावा, त्यात कोणती दुरुस्ती करावी, कोणत्या क्रमाने तो शिजवावा आणि तयार वस्तू कोठे ठेवावी, हे प्रत्येक कृतीत लिहिलेले असते. कचोरीला मैदा लागतो आणि मैद्याला चक्की लागते, त्याप्रमाणे एका सॉफ्टवेअरला दुसरे व दुसऱ्याला तिसरे लागते. ही साखळीही कृतीतच नोंदलेली असल्यामुळे वापरणाऱ्याने एक आज्ञा दिली की सारी कामे आपोआप ओळीने होतात. शिवाय आणलेल्या शिध्याचा एक गणिती ठसा कृतीसोबत असतो. वाटेत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही आणि काम तेथेच थांबते.

ही कल्पना इतरांनीही उचलली, पण प्रत्येकाने तिला आपापले वळण दिले. नेटबीएसडीने १९९७ साली तीवरूनच 'पीकेजीएसआरसी' ही व्यवस्था उभारली. आपल्याच घरात नव्हे, तर लिनक्स व मॅक ह्यांसारख्या परक्या घरांतही तीच कृती चालावी, असा तिचा बाणा आहे. ओपनबीएसडीजवळही पोर्ट्स आहेत. परंतु सामान्य वापरणाऱ्याने तयार पॅकेजच घ्यावे, असे तिचे कर्तेच आग्रहाने सांगतात. स्वयंपाकघर दाखवून पाहुण्याला पाटावर बसविण्यासारखाच हा प्रकार!

ह्या बाबतीत सर्वांत हौशी म्हणजे जेंटू. डॅनियल रॉबिन्स ह्यांनी घडविलेल्या ह्या लिनक्सची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ साली आली. जेंटू ही पेंग्विनची एक जात असून ती पाण्यात अतिशय वेगाने पोहते. तिच्या 'पोर्टेज' ह्या व्यवस्थेत 'यूज फ्लॅग' नावाच्या खुणा असतात. छपाईची सोय हवी की नको, ध्वनी हवा की नको, हे वापरणारा आधीच सांगतो आणि त्याप्रमाणे प्रत्येक सॉफ्टवेअर शिजते. आजोबांची मिरची ती हीच. मात्र मोठा ब्राउझर अशा रीतीने तयार करावयास साध्या संगणकाला कित्येक तास लागतात. म्हणूनच की काय, जेंटूनेही २०२३ च्या डिसेंबरात आपल्या वापरणाऱ्यांसाठी तयार पॅकेजांचा मोठा साठा खुला केला.

मग घरी शिजविलेले सर्वस्वी निर्धोक असते काय? २०२४ च्या मार्च महिन्यात ह्या प्रश्नाचे उत्तर जगाला मिळाले. माहिती आकसून लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे एक मोफत साधन आहे. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला आपल्या संगणकात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. दुसऱ्या कोणी ते मनावर घेतले नसते. त्यांनी माग काढला, तेव्हा एक्सझेडच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. विशेष हे की, सर्वांना दिसणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या वहीत ती वाट उघडणारा तुकडा नव्हता. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात तो गुपचूप घातलेला होता. गणिती ठसा ह्या गाठोड्याचाच घेतलेला असल्यामुळे तो बरोबर जुळत होता. म्हणजे शिधा घरी आणला तरी वाण्याने पोते भरताना काय केले, हेही पाहावे लागते. तरी एवढे खरे की, मूळ आज्ञावली उघडी होती म्हणूनच एका चौकस माणसाला हा माग शेवटपर्यंत काढता आला.

संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांना ह्या उघडेपणाचा आणखी एक उपयोग आहे. शेगावचा श आणि लोणारचा ल हिंदी छपाईत निराळ्या वळणाचे दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला निश्चित करताना देठाचा श व पाकळीचा ल ही वळणे ठरवून दिली. संगणकात अक्षरांची वळणे टंकात, म्हणजे फाँटमध्ये, साठविलेली असतात. आणि टंक हेही एक सॉफ्टवेअरच आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक ह्या संस्थेने घडविलेले 'लोहित' टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली सर्वांसाठी मुक्त केले. 'लोहित देवनागरी' डेबियनमध्ये तयार पॅकेजाच्या रूपाने मिळतो आणि बहुतेकांचे काम तेवढ्याने भागते. परंतु ज्याला एखाद्या अक्षराचे वळण खटकेल, त्याला त्याची मूळ रेखाकृती मागवता येते. 'फाँटफोर्ज' हे साधन उघडावे, लच्या पाकळ्या मनासारख्या वळवाव्यात आणि टंक पुन्हा तयार करावा. त्याच संगणकावर लोणार हा शब्द टाइप केला की नवा ल पडद्यावर उमटतो.