खेळाच्या व्हिडिओला प्रायोजक कसा मिळवायचा?



बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, आमची पोरगी कबड्डीचे व्हिडिओ टाकते. बघणारे हजारो आहेत म्हणते. मग पैसे का येत नाहीत?" कुणाचा मुलगा तालमीतले डाव दाखवतो. कुणाची मुलगी पोलीस भरतीची तयारी करता करता इतर मुलींना धावण्याचा सराव सांगते. मेहनत सगळ्यांचीच आहे. त्या मेहनतीचे पैसे कसे मिळतात, आणि ते मिळवताना फसायला कसं होऊ नये, हे आज बघू.

पद्धत आपल्या ओळखीचीच आहे. जत्रेतल्या कुस्त्या आठवा. हलगी वाजते आणि निवेदक लाउडस्पीकरवरून सांगतो, ही कुस्ती अमक्या दुकानदारांतर्फे, इनाम इतके हजार. कबड्डी स्पर्धेच्या फ्लेक्सवर पहिलं बक्षीस कुणाचं, चषक कुणाचा, हे नावानिशी लिहिलेलं असतं. देणाऱ्याला खेळाची आवड असतेच, पण मैदानाभोवती बसलेली माणसं आपलं नाव ऐकतील, हाही हिशेब असतो. यालाच प्रायोजकत्व म्हणायचं. मोबाइलवर तेच चालतं.

पैसे दोन वाटांनी येतात

पहिली वाट यूट्यूबची. व्हिडिओच्या आधी-मध्ये जाहिराती लागतात, त्यातला वाटा यूट्यूब देतं. त्यासाठी चॅनेलला किमान १,००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय मागच्या 12 महिन्यांत लोकांनी मिळून ४,००० तास व्हिडिओ बघितलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत छोट्या व्हिडिओंना १ कोटी वेळा बघितलं गेलेलं असावं लागतं. गावातल्या पोरीला हे गाठायला वेळ लागतो.

दुसरी वाट प्रायोजकाची. इथं अशी अट नसते. दुकानदार आणि तुमची मुलगी यांच्यात जे ठरेल ते. म्हणून लहान चॅनेलनं या वाटेचा विचार आधी करावा.

प्रायोजक नक्की काय विकत घेतो?

समजा, तालुक्याच्या गावी खेळाच्या सामानाचं दुकान आहे. एका मुलाच्या गमतीच्या रीलला दोन लाख लोकांनी बघितलं, पण ते देशभर विखुरलेले. दुसऱ्या मुलीचे चढाईचे आणि पकडीचे व्हिडिओ तीनच हजार लोक बघतात, पण त्यातले बरेचसे आसपासच्या तालुक्यांतले खेळाडू आणि त्यांचे पालक. दुकानदाराला ही दुसरी मुलगी जास्त उपयोगाची, कारण बूट, गुडघ्याचे पॅड आणि जर्सी घेणारी माणसं तिच्याकडं आहेत. ती माणसं तिचं ऐकतात, कारण ती स्वतः मैदानात उतरते.

त्यामुळं "मला किती बघतात" यापेक्षा "मला कोण बघतं" हे सांगता आलं पाहिजे. ही माहिती फोनमध्येच असते. इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल करून घेतलं की बघणारे कोणत्या शहरातले, किती वयाचे, बायका किती, पुरुष किती, हे दिसतं. यूट्यूबवर ते स्टुडिओ नावाच्या ॲपमध्ये दिसतं. मुलीला म्हणावं, दर महिन्याच्या शेवटी हे आकडे वहीत उतरव.

बँक आपल्या गटाला कर्ज देताना काय बघते? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित परतफेड आणि नीट लिहिलेली नोंदवही. प्रायोजकही तेच बघतो. आठवड्याला दोन व्हिडिओ ठरवले तर दोन यायलाच हवेत. एक दिवस कबड्डी, दुसऱ्या दिवशी नाच, तिसऱ्या दिवशी रेसिपी असं असेल तर त्याला कळत नाही की हे चॅनेल कशाचं. तीन महिने एकच विषय सांभाळला आणि नोंद ठेवली, की मग बोलायला जावं.

व्हिडिओ स्वतःचे हवेत. टीव्हीवरच्या प्रो कबड्डीचे किंवा क्रिकेटचे तुकडे उचलून टाकू नयेत. त्याचे हक्क प्रसारण करणाऱ्या कंपनीकडं असतात. यूट्यूबवर ९० दिवसांत अशा तीन तक्रारी लागल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. सिनेमाच्या गाण्याचंही तसंच. हौसेच्या रीलवर ते चालून जातं, पण पैसे घेऊन केलेल्या जाहिरातीत गाण्याचे हक्क वेगळे लागतात. आणि दुसऱ्या मुलींचा खेळ दाखवायचा असेल तर त्यांच्या आईवडिलांना आणि प्रशिक्षकांना आधी विचारावं.

मागायला जायचं ते कुणाकडं, आणि काय घेऊन?

मोठ्या कंपनीच्या मागं लागण्याआधी जवळचे बघा. खेळाच्या सामानाचं दुकान, जर्सी छापणारा, भरतीची अकादमी, व्यायामशाळा, दूध डेअरी, दुचाकीचं शोरूम, पतसंस्था. देशी खेळांकडं लोकांचं लक्ष वाढतंय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. अशा वेळी खो-खो खेळणाऱ्या मुलीचं बोलणं दुकानदारही ऐकून घेतो.

जाताना एका पानाची माहिती तयार असावी. त्यात मुलगी कोणता खेळ खेळते, कुठपर्यंत खेळली, चॅनेल कशाचं आहे, मागच्या तीन महिन्यांत किती लोकांनी बघितलं, ते कुठले आहेत, हे असावं. सोबत तीन चांगले व्हिडिओ. निरोप पाठवायचा तर असा:

"नमस्कार. मी कबड्डी खेळते आणि नवशिक्या मुलींसाठी सरावाचे व्हिडिओ करते. माझे बहुतेक प्रेक्षक आपल्याच तालुक्यातले आहेत. कसे बूट घ्यावेत, हे मुली मला नेहमी विचारतात. तुमच्या दुकानातले बूट घालून सराव करतानाचे दोन व्हिडिओ करता येतील. माहितीचं पान सोबत जोडलं आहे. भेटायला कधी येऊ?"

यात "मला मदत करा" असं कुठंही नाही. दुकानदाराचा फायदा काय, ते सांगितलंय.

भाव कसा ठरवायचा?

लाडवाचा भाव काढतो तसाच. आधी खर्च. समजा एका व्हिडिओला अर्धा दिवस शूटिंग आणि एक दिवस एडिटिंग लागतं. दिवसाचे ५०० धरले तर दीड दिवसाचे ७५० झाले. कॅमेरा धरणाऱ्या मैत्रिणीला ३००, प्रवास २००, रिचार्ज आणि मोबाइलची झीज १५०. एकूण १,४००. याच्या खाली काम घेतलं तर तोटा. याच्या वर जे मागायचं ते तिच्या प्रेक्षकांच्या विश्वासाचं मोल. समजा तिनं २,५०० ठरवले.

मग दुकानदारापुढं एकच भाव ठेवण्याऐवजी तीन पुड्या ठेवाव्यात. लहान पुडी म्हणजे एक व्हिडिओ आणि एक दिवसाची स्टोरी, २,५००. मधली म्हणजे महिनाभरात चार व्हिडिओ, ९,०००. मोठी म्हणजे तीन दिवसांच्या स्पर्धेचं पूर्ण चित्रण, रोजचा निकाल आणि टी-शर्टवर दुकानाचं नाव, १५,०००. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, गावानुसार आणि प्रेक्षकांनुसार बदलतील. पण तीन पर्याय दिले की बोलणं "हो की नाही" वरून "यातलं कोणतं" वर येतं.

चार ओळी का होईना, लिहून घ्या

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला एका दुकानानं बूट दिले आणि तोंडी ठरलं, दोन व्हिडिओ टाक. तिनं टाकले. पुढं तिचा फोटो त्या दुकानाच्या फ्लेक्सवर वर्षभर झळकत राहिला. दुसऱ्या एका दुकानाला तिच्याबरोबर काम करायचं होतं, पण फ्लेक्स बघून ते मागं फिरले. बूट होते आठशे रुपयांचे.

म्हणून एवढं तरी कागदावर हवं. व्हिडिओ किती आणि कोणत्या तारखेपर्यंत. पैसे किती आणि कधी. निम्मे आधी, निम्मे व्हिडिओ टाकल्यावर, असं ठेवलेलं बरं. दुकानदाराला बदल किती वेळा सांगता येईल. तिचा फोटो आणि व्हिडिओ तो कुठं आणि किती महिने वापरेल. तेवढ्या काळात तिनं दुसऱ्या बुटाच्या दुकानाची जाहिरात करायची नाही असं असेल, तर त्याचे वेगळे पैसे. व्हॉट्सॲपवर लिहून दोघांनी "मान्य" म्हटलेलंही तोंडी बोलण्यापेक्षा बरं.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर तिला कायद्यानं करार करता येत नाही, तो आईनं किंवा वडिलांनी करायचा. पण पैसे तिच्या नावच्या खात्यात जाऊ द्या. कमाई तिची आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यात गेली की मग पोरीला बुटासाठीही हात पसरावा लागतो, हे आपल्याला सांगायला नको.

जाहिरात आहे, हे सांगावंच लागतं

पैसे घेतले, वस्तू फुकट मिळाली किंवा सवलत मिळाली, तर व्हिडिओत तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये त्याचे नियम दिले. "जाहिरात" किंवा "प्रायोजित" हा शब्द सहज दिसेल असा हवा, खाली बारीक अक्षरांत लपवायचा नाही. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर त्यासाठी खास खूण असते, तीही करावी. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तो जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागू शकतो. म्हणून न वापरलेल्या वस्तूला "मी रोज वापरते" म्हणू नये, आणि "हे प्यायल्यावर उंची वाढते" असलं तर मुळीच नाही.

कुणाला नाही म्हणायचं?

पैसे लावून खेळायच्या गेम आणि सट्ट्याच्या ॲपना. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. त्यानंतर भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नावही गेलं. या कायद्यात जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी खेळाच्या छोट्या चॅनेलना असे निरोप येऊ शकतात, आणि त्यात रक्कमही मोठी सांगितलेली असते. हव्यास नको.

ताकद वाढवण्याच्या पावडरी आणि गोळ्या. खेळाडूच्या शरीरात बंदी असलेला पदार्थ सापडला तर जबाबदारी तिचीच धरतात, डब्यावर काय लिहिलं होतं हे सांगून सुटका होत नाही. जी वस्तू प्रशिक्षक आणि डॉक्टर खायला सांगणार नाहीत, ती इतरांच्या मुलींना विकायची नाही.

आणि तिसरे म्हणजे "ब्रँड ॲम्बेसेडर करतो, आधी नोंदणीचे ९९९ भरा" म्हणणारे. प्रायोजक पैसे देतो, मागत नाही. ओटीपी, पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करा.

थोडं करांविषयी

मुलीचं पॅन कार्ड काढून ठेवा. कंपनी पैसे देताना त्यातून कर कापू शकते, आणि पॅन नसेल तर तो जास्त कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून कापलेला कर परत मिळतो. १ जुलै २०२२ पासून फुकट मिळालेल्या वस्तूही यात आल्या आहेत. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या आणि ठेवून घेतल्या, तर त्यावर १० टक्के कर लागतो. जीएसटीची नोंदणी साधारणपणे वर्षाची कमाई २० लाखांवर गेल्यावरच लागते, त्याची चिंता आत्ता नको.

आणि आपला गट?

मैत्रिणींनो, प्रायोजक आपणही होऊ शकतो. आपले शेंगदाण्याचे लाडू आणि नाचणीचं सत्व खेळणाऱ्या पोरींच्या उपयोगाचंच आहे. खाद्यपदार्थाची नोंदणी झालेली असेल, पाकिटावर तो क्रमांक असेल, तर गावातल्या खेळाडू मुलीच्या एका व्हिडिओसाठी गटानं २,५०० रुपये देऊन बघायला हरकत नाही. आपली वस्तू चार गावांत पोचेल. मुलीलाही तिचा पहिला करार ओळखीच्या माणसांबरोबर करून शिकता येईल.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. ज्यांच्या घरात असे व्हिडिओ होतात त्या मुलींना बोलवा. त्यांना तीन महिन्यांचे आकडे वहीत लिहायला सांगा आणि एका पानाची माहिती सगळ्यांसमोर वाचून दाखवायला लावा. आपण दुकानदार आहोत असं समजून प्रश्न विचारा. जिथं ती अडखळेल तिथं पान दुरुस्त करा. मग तिच्यासोबत कुणीतरी एकीनं तालुक्याला जा. पहिल्या भेटीला शेजारी आपलं माणूस असलं, की भाव सांगताना आवाज खाली जात नाही.