गाडीच्या टायरची हवा

भाजीचे क्रेट भरून मार्केटला निघालेल्या पिकअपचा टायर नुसत्या उन्हाने फुटत नाही. बहुतेक वेळा त्यात हवाच कमी असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापते नि थर सुटतात. 'उन्हाळ्यात दोन पौंड कमीच बरी' हा सल्ला म्हणूनच घातक.

हवा पंधरा दिवसांनी, चाक गार असताना तपासा. तापलेल्या टायरचा आकडा वाढीव दिसतो. तेव्हा हवा सोडू नका. किती भरायची ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीचं वेगळं, भरलेल्या गाडीचं वेगळं. स्टेपनीही बघा, ती ऐनवेळीच आठवते.

नक्षी झिजून खाचांतल्या उंचवट्यांना टेकली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदला. माप कंपनीने दिलेलंच घ्या, भारक्षमता कमी नको. बाजूवरचे चार आकडे दुकानदाराकडून बघून घ्या: ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. दोनच नवे घेतले तर मागे बसवा. गुळगुळीत टायर मागे राहिले तर पावसात गाडीची शेपूट घसरते.