दलदलीचा नकाशा

मी भाषेचा अध्यापक, भूगोलाचा नव्हे. तरीही कॅनडातील हडसन उपसागराच्या नैर्ऋत्येस पसरलेल्या सखल प्रदेशाच्या नकाशांनी मला वर्षानुवर्षे कोड्यात टाकले आहे. या प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे ३,२०,००० चौरस किलोमीटर. हिमयुगातील बर्फाच्या भाराखाली दबलेली ही भूमी शतकाला सुमारे १ मीटर या गतीने अद्यापि वर येत आहे. आणि तिचा उतार किलोमीटरमागे १ मीटरही भरत नाही. परिणामी समुद्रकिनाराच शतकभरात ढोबळमानाने १ किलोमीटर पुढे सरकतो.

दर १० मीटर उंचीला समोच्चरेषा काढावी, तर दोन रेषांमध्ये १० किलोमीटरहून अधिक अंतर पडते. मधली भूमी नकाशात जवळजवळ कोरी. प्रत्यक्षात तेथे शेवाळ, कुजक्या वनस्पतींचे जाड थर, खुरटी स्प्रूसची झाडे आणि असंख्य तळी असतात. यासाठी इंग्रजीने क्री लोकांच्या भाषेतून ‘मस्केग’ हा शब्द उचलला. आपली ‘दलदल’ त्याला थोडी तोकडीच पडते.

पायी मोजणी येथे दुष्करच. म्हणून विमानातून एकमेकांवर अंशतः येणारी छायाचित्रे घेतात व त्यांच्या जोडीवरून उंची काढतात. परंतु बर्फ वितळताना जे सरोवर दिसते, तेथे ऑगस्टमध्ये गवत उभे असू शकते. रेषा ओढणाऱ्यास कोणता तरी एक ऋतू निवडावाच लागतो. कॅनडाची १:५०,००० प्रमाणाची नकाशामाला २०१२ मध्ये पूर्ण झाली. ही अडचण मात्र प्रमाण वाढवून सुटणारी नाही.

ती केवळ पंडिती अडचण आहे, असेही कोणी समजू नये. येथील नद्या उत्तरेकडे वाहतात. दक्षिणेकडील वरचे पात्र आधी मोकळे होते, मुखाशी बर्फ अजून घट्ट असतो. तुटलेले हिमखंड तेथे अडतात आणि पाणी काठ सोडते. विनिस्क नदीच्या मुखाजवळील क्री वस्ती १६ मे १९८६ रोजी अशाच पुराने उद्ध्वस्त झाली. दोन माणसे दगावली. नकाशातील निळ्या रेषेवरून नदीची ही मजल कळणे शक्य नव्हते. उरलेले लोक नदीच्या वरच्या अंगास सुमारे ३० किलोमीटरवर जाऊन राहिले. त्या नव्या गावाचे नाव पीवानक, म्हणजे चकमकीचा दगड.