कंबरदुखी आणि ताणाचे व्यायाम : निवड कशी करावी?

कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात शाक्यांना रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर भगवान बुद्धांनी आपली पाठ दुखत असल्याचे सांगितले, पुढील देशना आनंदांकडे सोपवली आणि ते उजव्या कुशीवर विसावले. हा प्रसंग मज्झिम निकायातील सेख सुत्तात आहे. दुखणे मुकाट्याने सोसणे म्हणजे साधना, असा समज आपल्यापैकी अनेकांचा असतो. त्याला हा प्रसंग छेद देतो.

विहारात मांडी घालून, वर्गात वाकून आणि पुढे संगणकासमोर बसण्यात आपली वर्षे सरतात. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात. तिच्यासाठी दोन परस्परविरुद्ध व्यायामपद्धती प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतील डॉ. पॉल विल्यम्स यांनी 1937 मध्ये पुढे वाकण्यावर भर दिला : उताणे झोपून गुडघे छातीशी घेणे. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी यांच्या पद्धतीत अनेक रुग्णांना याउलट व्यायाम दिला जातो : पालथे झोपून हातांच्या आधाराने छाती उचलणे.

यांतील श्रेष्ठ कोणती, यापेक्षा आपल्याला कोणती मानवते, हे महत्त्वाचे. फार वेळ वाकून बसल्याने दुखत असेल, तर बहुधा मागे वाकल्याने आराम पडतो. मणक्यातील मज्जारज्जूची जागा अरुंद झालेल्या वृद्धांना मात्र पुढे वाकल्यानेच बरे वाटते. व्यायाम करताना पायातली कळ वर सरकून कमरेपाशी आली, तर दिशा योग्य समजावी. ती पायात खाली उतरू लागली, तर तो व्यायाम थांबवावा.

मांडीच्या मागील स्नायूंसाठी उताणे झोपून, तळपायाला टॉवेल अडकवून, पाय सरळ उचलावा व ताण सुमारे 30 सेकंद धरावा. दुसऱ्या रीतीत पाय आधी टॉवेलविरुद्ध काही सेकंद दाबून, मग सैल सोडून ताणतात. दोन्हींनी लवचीकता वाढते. पहिली एकट्याने करण्यास अधिक सोपी. हिसके कधीही देऊ नयेत.

तथापि केवळ ताण पुरेसा नाही. चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे या चारही ईर्यापथांत दिवस वाटला जावा. अर्ध्या तासाने तरी आसन बदलावे. पालकांनी मुलांना ‘ताठ बस’ एवढेच न सांगता मध्ये उठू द्यावे.

पायात वाढती अशक्तता, जांघेत बधिरता किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप, कारणाविना घटणारे वजन किंवा पडल्यानंतरची वेदना असल्यास आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.