नवा संगणक सुरू होत नाही? आधी जोडणी तपासा

सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक चालू झाला नाही की पहिला संशय मदरबोर्डवर जातो. कॅबिनेट उचलून दुकानात नेण्याआधी थोडं थांबा. भाग सहसा कारखान्यात तपासलेले असतात. न तपासलेली असते ती आपली जोडणी. 'पंखे फिरतात, म्हणजे वीज सगळीकडे पोचली' हे म्हणणं फसवं आहे. प्रोसेसरची वीज मदरबोर्डच्या २४ पिनांच्या केबलमधून नव्हे, वेगळ्या ४ किंवा ८ पिनांच्या केबलमधून येते. ती राहिली, तरी पंखे फिरू शकतात आणि पडदा काळाच राहतो. रॅमचंही तसंच: खटका बसेपर्यंत दाबली नाही, तर चित्र येत नाही. इंटेलच्या 'एफ' अक्षराच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. तिथे मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच हवी. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं घेऊ शकते, तेवढा धीर धरा.

भाग नवा असूनही बिघडलेला निघतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच वीज बंद करून बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम आणि पॉवर सप्लाय एवढंच जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावा. आता चालला, तर दोष कॅबिनेटमधल्या चुकीच्या जागच्या स्टँडऑफचा, बटणाच्या वायरीचा किंवा काढून ठेवलेल्या भागाचा. तरीही नाही चालला, तर रॅमची जागा बदला, बायोस त्या प्रोसेसरला चालतं का पाहा. मगच वॉरंटीसाठी जा.