अवरक्त तापचित्रण

अवरक्त तापचित्रण (थर्मोग्राफी) ही वस्तूच्या पृष्ठभागावरून उत्सर्जित होणारे अवरक्त प्रारण टिपून त्या पृष्ठभागाच्या तापमानाचे चित्र तयार करण्याची पद्धत आहे. अशा चित्रास तापचित्र म्हणतात. या पद्धतीत वस्तूला स्पर्श करावा लागत नाही, किंवा क्ष-किरणांप्रमाणे बाहेरून प्रारण सोडावे लागत नाही. वस्तू स्वतः उत्सर्जित करीत असलेली ऊर्जाच कॅमेरा ग्रहण करतो. वैद्यक, जीवशास्त्र, हवामानशास्त्र व खगोलशास्त्र या शाखांत तिचा उपयोग होतो. तापचित्रात पृष्ठभागाचे तापमान दिसते. शरीरातील रचना किंवा रोग प्रत्यक्ष दिसत नाही. वैद्यकातील तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी या भेदातून उद्भवतात.

तत्त्व

निरपेक्ष शून्याहून अधिक तापमान असलेली प्रत्येक वस्तू विद्युत् चुंबकीय प्रारण उत्सर्जित करते. स्टेफान-बोल्ट्झमान नियमानुसार कृष्ण पदार्थाने उत्सर्जित केलेली ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तापमानातील लहानसा फरकही मोजता येतो. मानवी त्वचेचे तापमान सर्वसाधारणपणे ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते आणि तिचे प्रारण सुमारे ९.५ मायक्रोमीटर तरंगलांबीस सर्वाधिक असते. दृश्य प्रकाशाची मर्यादा सुमारे ०.७ मायक्रोमीटरपाशी संपत असल्याने हे प्रारण डोळ्यांना दिसत नाही.

८ ते १४ मायक्रोमीटर या पट्ट्यातील प्रारण हवेत फारसे शोषले जात नाही, म्हणून वैद्यकीय कॅमेरे बहुधा याच पट्ट्यात काम करतात. साधी काच या प्रारणाला अपारदर्शक असल्यामुळे त्यांची भिंगे जर्मेनियमसारख्या द्रव्याची असतात. तापचित्रातील लाल, पिवळे वा निळे रंग खरे नसून वेगवेगळी तापमाने ओळखू यावीत म्हणून संगणकाने दिलेले असतात.

इतिहास

१८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटात तापमापक ठेवले असता लाल रंगाच्या पलीकडे, जेथे प्रकाश दिसत नव्हता, तेथेही तापमान वाढल्याचे त्यांना आढळले. हाच अवरक्त प्रारणाचा शोध होय. त्यांचे पुत्र जॉन हर्शेल यांनी १८४० मध्ये काजळी लावलेला कागद अल्कोहोलने भिजवून, उष्णतेने होणाऱ्या असमान बाष्पीभवनाच्या साहाय्याने उष्णतेचे चित्र उमटविले. १८८० च्या सुमारास सॅम्युएल लँगली यांनी सिद्ध केलेल्या बोलोमीटरमध्ये प्रारण पडल्याने धातूच्या पट्टीचा विद्युत् रोध बदलतो. आजच्या बहुसंख्य कॅमेऱ्यांत याच तत्त्वावर चालणाऱ्या सूक्ष्म बोलोमीटरांची जाळी असते.

वैद्यकातील उपयोग

त्वचेचे तापमान मुख्यतः तिच्याखालील रक्तप्रवाहावर अवलंबून असते. दाह झालेला भाग उष्ण, तर रक्तपुरवठा घटलेला भाग थंड दिसतो. निरोगी शरीराच्या उजव्या व डाव्या बाजूंचे तापमान बरेचसे सारखे असल्याने दोन्ही बाजूंची तुलना करणे उपयुक्त ठरते.

मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या रुग्णाला दुखापत जाणवत नाही. अशा वेळी दोन्ही पायांच्या समान बिंदूंच्या तापमानांत २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक आढळल्यास तो व्रण होण्यापूर्वीच्या दाहाचा इशारा मानतात. रेनो विकारात हात थंड पाण्यात बुडवून काढल्यावर बोटे किती वेळात पुन्हा उष्ण होतात, हे तापचित्रांवरून पाहिले जाते. पुनर्रचना शस्त्रक्रियेत त्वचेचा तुकडा दुसऱ्या जागी बसविताना त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या शोधण्यासाठीही ही पद्धत वापरतात.

२००३ मधील सार्स आणि २०२० मधील कोव्हिड-१९ या साथींच्या वेळी विमानतळांवर ज्वर असलेले प्रवासी ओळखण्यासाठी असे कॅमेरे लावण्यात आले. परंतु त्वचेचे तापमान म्हणजे शरीराचे आंतरिक तापमान नव्हे. उन्हातून आलेल्या निरोगी व्यक्तीचे कपाळ तापलेले असू शकते, तर ज्वरनाशक औषध घेतलेला किंवा अद्याप ज्वर न आलेला रुग्ण निसटू शकतो. म्हणून डोळ्याच्या नाकालगतच्या कोपऱ्याचे, एका वेळी एकाच व्यक्तीचे मापन अधिक विश्वसनीय मानले जाते.

स्तनकर्करोग आणि तापचित्रण

१९५६ मध्ये माँट्रिऑल येथील रे लॉसन यांनी स्तनकर्करोगाच्या गाठीवरील त्वचा अधिक उष्ण असल्याचे दाखवून दिले. गाठीतील वाढलेला चयापचय व रक्तप्रवाह हे त्याचे कारण सांगितले जाते. त्यावरून वेदनारहित व किरणोत्सर्गरहित तपासणीची आशा निर्माण झाली. तथापि लहान किंवा खोलवरच्या गाठीची उष्णता त्वचेपर्यंत पोहोचेलच असे नाही. उलट साध्या जंतुसंसर्गानेही त्वचा तापते. अमेरिकेत १९७० च्या दशकातील मोठ्या तपासणी प्रकल्पातून तापचित्रण असमाधानकारक निष्कर्षांमुळे वगळण्यात आले. तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९८२ मध्ये त्यास केवळ अन्य तपासणीची पूरक पद्धत म्हणून मान्यता दिली. ते मॅमोग्राफीला पर्याय नसल्याचा इशाराही या प्रशासनाने वेळोवेळी दिला आहे. तापचित्र निर्दोष दिसले म्हणून पुढील तपासणी टाळल्यास निदानास विलंब होऊन जिवाला धोका संभवतो.

विज्ञानातील उपयोग

प्राण्याला न पकडता त्याची उष्णता मोजता येत असल्याने जीवशास्त्रात ही पद्धत मोलाची ठरली आहे. टोको टूकन हा पक्षी आपल्या प्रचंड चोचीतील रक्तप्रवाह कमीअधिक करून शरीरातील उष्णता बाहेर टाकतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तापचित्रांवरील संशोधनातून दिसून आले. वनस्पतींच्या बाबतीत, पाण्याची टंचाई होताच पर्णरंध्रे मिटतात, बाष्पोच्छ्वास मंदावतो आणि पान तापते. त्यामुळे पीक कोमेजण्यापूर्वीच त्याची तहान ओळखता येते.

भारताच्या इन्सॅट-३डीएस (२०२४) या उपग्रहावरील अवरक्त उपकरणे ढगांच्या माथ्याचे तापमान मोजतात. माथा जितका थंड तितका ढग सर्वसाधारणपणे उंच असतो. या प्रारणाला सूर्यप्रकाशाची गरज नसल्याने मॉन्सूनच्या ढगांवर रात्रीही लक्ष ठेवता येते.

खगोलशास्त्रात १९८३ मधील आयरॅस या उपग्रहाने बहुतेक सर्व आकाशाचे अवरक्त सर्वेक्षण केले. २५ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपित झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीवरील मध्य-अवरक्त उपकरण ७ केल्विनपेक्षाही कमी तापमानाला थंड ठेवावे लागते. अन्यथा उपकरणाच्या स्वतःच्या उष्णतेत दूरच्या ताऱ्यांचे क्षीण प्रारण हरवून जाईल.

मापनातील दक्षता

समान तापमानाच्या दोन पृष्ठभागांचे प्रारण समान असतेच असे नाही. त्वचेची उत्सर्जकता सुमारे ०.९८ असून ती त्वचेच्या वर्णानुसार फारशी बदलत नाही. चकचकीत धातूची मात्र फार कमी असते व तो भोवतालची उष्णता परावर्तित करतो. घाम, मलम, वाऱ्याची झुळूक, नुकताच केलेला व्यायाम यांमुळेही वाचन बदलते. म्हणून वैद्यकीय तापचित्रण स्थिर तापमानाच्या खोलीत, रुग्णाला काही काळ विश्रांती देऊन केले जाते.