कंपनीने 18 पानांचा करार पाठवलाय? सही करण्याआधी वकील त्यात नेमकं काय बघतो

समजा, तासगावात एका ताईंचं बेदाणा पॅकिंगचं छोटं युनिट आहे. एका मोठ्या सुपरमार्केट साखळीकडून ऑर्डर येते. दर ठरतो, पाकिटाचं डिझाइन पास होतं आणि एका दुपारी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. 18 पानं, सगळी इंग्रजीत. खाली मेसेज असतो, "आपलं स्टँडर्ड ॲग्रीमेंट आहे मॅडम, आजच सही करून पाठवा, म्हणजे व्हेंडर कोड निघेल."

अशा वेळी बहुतेक लोक दोनच गोष्टी बघतात. दर बरोबर आहे का आणि आपलं नाव बरोबर आहे का. मग प्रत्येक पानावर सही होते. वकील आठवतो तो थेट पैसे अडकल्यावर. पण तोपर्यंत जे लिहून दिलंय त्याच्या चौकटीतच भांडावं लागतं. सहीच्या आधी मात्र तोच वकील कागदावरचं वाक्य बदलून मागू शकतो, आणि हे काम कोर्टात केस लढवण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

"स्टँडर्ड" म्हणजे कुणाचं स्टँडर्ड?

अर्थातच कंपनीचं. तो मसुदा कंपनीच्या वकिलाने कंपनीच्या सोयीने बनवलेला असतो. यात फसवणूक असतेच असं नाही, प्रत्येक वकील आपल्याच पक्षकाराचं बघतो. अडचण एवढीच की समोरच्या बाजूने तो कुणीच वाचलेला नसतो.

वकील असा करार वाचताना सगळ्यात आधी पैशाचं कलम शोधतो. समजा ताईंच्या करारात लिहिलंय, "बिल मिळाल्यापासून 90 दिवसांत पेमेंट." आता 2006 चा एमएसएमई विकास कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करारातही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. लेखी मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवस. पैसे उशिरा दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. म्हणजे करारात 90 लिहिलं तरी कायदा 45 च धरतो.

पण हे दिवस मोजायचे कधीपासून? माल स्वीकारल्यापासून. खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल ज्या दिवशी पोहोचला तोच स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. काही करारांमध्ये मात्र दोन पानं पुढे "सेल ऑर रिटर्न" असे शब्द असतात. म्हणजे माल दुकानात ठेवायचा, विकला गेला तर पैसे, नाही तर परत. हे मान्य केलं की मुळात विक्री झाली कधी, इथूनच वाद सुरू होतो आणि 45 दिवसांचा हिशेब डळमळीत होतो. वरून खराब झालेला, मुदत संपत आलेला माल परत आणायचा खर्चही पुरवठादाराच्या माथी असतो. पाचव्या पानावरच्या कलमाचा परिणाम सातव्या पानावर कसा होतो हे पकडणं, हीच तर वकिलाची फी असते.

या कायद्याचा आधार हवा असेल तर उद्यम नोंदणी करार करण्याआधीच उरकलेली बरी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. नंतर नोंदणी केली तर मागच्या मालाला फायदा मिळतो का, यावर सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेलेले आहेत. आणि नुसती घाऊक-किरकोळ खरेदी-विक्री करणाऱ्यांची उद्यम नोंदणी होत असली तरी ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच आहे, हे अनेक व्यापाऱ्यांना माहीतच नसतं.

भांडण झालंच तर कुठे जायचं?

हे कलम शेवटच्या पानावर असतं आणि कंटाळून कुणीच वाचत नाही. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: वाद झाल्यास कंपनी नेमेल तो एकमेव लवाद निर्णय देईल, लवादाचं ठिकाण गुरुग्राम, आणि बाकी गोष्टींसाठी तिथलीच कोर्टं.

यातल्या पहिल्या भागाला कोर्टाने चाप लावलाय. 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वादात ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे त्याला एकट्याने एकमेव लवाद नेमता येत नाही. तरीही जुन्या फॉरमॅटमध्ये हे कलम तसंच पडून असतं. दुसऱ्या भागाचं तसं नाही. दोन्ही बाजूंनी एका शहराचं कोर्ट ठरवलं, आणि त्या कोर्टाचा त्या व्यवहाराशी मुळात संबंध असेल, तर ते कलम सहसा टिकतं. मग दीड लाखाच्या बिलासाठी तासगावहून गुरुग्रामच्या चकरा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना थकीत पैशासाठी आपल्या भागातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, आणि करारात लवादाचं कलम असलं तरी हा रस्ता बंद होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. पण हे झालं थकीत बिलाचं. कंपनीनेच उलट दावा आणला तर शहराचं कलम भोवतंच.

आणखी दोन जागा वकील लाल पेनाने खुणावतो. एक, "इंडेम्निटी", म्हणजे कंपनीला झालेलं कुठलंही नुकसान भरून देण्याची हमी. त्याला रकमेची मर्यादा नसेल तर एका तक्रारीत युनिट विकायची वेळ येऊ शकते. दोन, "कंपनीच्या वेबसाइटवरील व्हेंडर पॉलिसी वेळोवेळी बदलेल व ती बंधनकारक राहील." थोडक्यात, जे अजून लिहिलंच नाही त्यावर आज सही.

दंडाच्या मोठमोठ्या आकड्यांना मात्र तेवढं घाबरायचं कारण नसतं. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं.

कंपनी खरंच काही बदलते का?

"आमचा फॉरमॅट बदलत नाही" हे पहिलं उत्तर असतं, शेवटचं नसतं. सगळं ॲग्रीमेंट बदलायचा हट्ट धरला तर ऑर्डरच जाईल. पेमेंटची मुदत, इंडेम्निटीची मर्यादा, करार संपवायची नोटीस आणि लवादाचं ठिकाण, एवढ्यावर बोलायला सहसा जागा असते. मूळ मसुद्याला हात न लावता हे बदल वेगळ्या पुरवणी करारात घेता येतात. चांगला वकील 30 चुका काढून देत नाही. यातल्या कुठल्या तीन-चारांसाठी अडून बसायचं ते तो सांगतो.

या काळात चॅटवर जपून बोलावं लागतं. सही झाली नाही म्हणजे करार झाला नाही, हा गैरसमज आहे. 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या बॉक्साइटच्या प्रकरणात औपचारिक करारावर सह्या झाल्या नव्हत्या, तरी ईमेलमधून सगळ्या मुख्य अटी ठरल्या होत्या म्हणून सुप्रीम कोर्टाने करार झालाय असं धरलं. त्यामुळे "ओके सर, डन" च्या जागी "मसुदा मिळाला, वाचून कळवतो" एवढं टाइप केलेलं बरं.

स्टॅम्प आणि नोटरी केलं की झालं?

नाही. नोटरी सही कुणी केली ते बघतो, कलमं तुमच्या फायद्याची आहेत का ते तपासत नाही. स्टॅम्प हा सरकारचा कर आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अनेक दस्तांचं किमान मुद्रांक शुल्क 100 वरून 500 रुपये झालंय आणि काही करारांना रकमेच्या प्रमाणात शुल्क लागतं. कमी शुल्क भरलेला कागद रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुरावा म्हणून चालत नाही.

वकील शोधायचा कुठे?

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे इन्स्टाग्रामवर शोधून फार उपयोग नाही. आपला सीए, एमआयडीसीतली उद्योजक संघटना, आधीच अशा कंपन्यांना माल देणारे लोक यांना विचारलेलं चांगलं. फौजदारी केसमध्ये तालुक्यात नाव असलेला वकील करार वाचण्यात तरबेज असेलच असं नाही, म्हणून याआधी असे पुरवठा करार पाहिलेत का, हे सरळ विचारावं.

फी विचारताना काम कोणतं तेही ठरवून घ्यावं. नुसतं वाचून मत देणं, बदल लिहून देणं, कंपनीच्या वकिलाशी बोलणं आणि नवा मसुदा बनवणं, ही चार वेगळी कामं आहेत. जाताना पीडीएफसोबत सगळे ईमेल, चॅट, पर्चेस ऑर्डर आणि करारात उल्लेख असलेली प्रत्येक पॉलिसी न्यावी. एका कागदावर मराठीत लिहून नेलं तर अजून उत्तम: माल किती, दर काय, पैसे कधी हवेत, कशाची भीती वाटते.

फी परवडत नसेल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना मोफत विधी सेवा मिळते. कायद्याच्या व्याख्येत ही सेवा कोर्टातल्या केसपुरती नाही, कायदेशीर सल्लाही त्यात येतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरणाचं आणि तालुक्याला समितीचं कार्यालय असतं, हेल्पलाइन आहे 15100. तिथे कंपनीशी महिनाभर वाटाघाटी करणारा माणूस मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. पण ताईंसारखी कुणी 18 पानं घेऊन गेली तर त्यातलं धोक्याचं काय, हे विचारता येतं.

सही झाल्यावरचं एक काम राहतंच. कंपनीच्या सही-शिक्क्याची प्रत मागून घेणं. अनेकांकडे फक्त स्वतःच्या सहीचं स्कॅन असतं, आणि पहिलं बिल अडकलं की वकील सगळ्यात आधी तीच प्रत मागतो.